वर्गातले सगळे : शाळेचा वार्षिक अंक आणि त्याची घडण

शाळा दर वर्षी दोन प्रकारचे कागद तयार करते. पहिले शासनासाठी : दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रक आणि अलीकडे सरल व यू-डायस या ऑनलाइन प्रणालींवरच्या नोंदी. दुसरे स्वतःसाठी : वार्षिक अंक, हस्तलिखित, भित्तिपत्रक, दहावीचा ग्रुप फोटो. पहिल्या कागदांत एकही मूल सुटत नाही, कारण सुटले तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या कागदांत बहुतेक मुले सुटतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. शाळेचा वार्षिक अंक ही आधी नोंद आहे, मग साहित्य, असे माझे ठाम मत आहे. म्हणून अंक चांगला की वाईट हे ठरवताना त्यातली कविता नंतर वाचावी. त्या वर्षी वर्गात बसलेले प्रत्येक मूल अंकात सापडते का, हे आधी पाहावे.

हे विवेचन वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले रोहणा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीनची वावरे असलेले, पुलगाव-आर्वी वाटेवरचे हे गाव. अशा गावच्या माध्यमिक शाळेत आसपासच्या खेड्यांतली मुले एसटीने, सायकलने, पायी येतात. दहावीचा वर्ग एका खोलीत मावतो. वर्गातले सगळे जण सगळ्यांना ओळखतात, आणि तरीही वीस वर्षांनी त्या वर्गाची पुरी यादी कोणापाशी निघत नाही. शहरातल्या मोठ्या शाळांचे गुळगुळीत कागदावरचे अंक हा वेगळा विषय आहे. पूर्ण नोंद सहज शक्य असूनही ती होत नाही, असे लहान गाव मी जाणूनबुजून निवडले.

दोन घराणी

जगात शाळेच्या वार्षिक पुस्तकाची दोन घराणी दिसतात. एक अमेरिकी. तिथल्या येल महाविद्यालयातून १८०६ साली बाहेर पडलेल्या तुकडीचे पुस्तक हे या प्रकारातले सर्वांत जुने ज्ञात पुस्तक मानतात. त्याच्या शीर्षकातच ते तुकडीच्या 'काही भागाचे' असल्याचे म्हटले होते. म्हणजे सुटलेल्यांचा प्रश्न पहिल्या पानापासूनचा आहे. पुढे छायाचित्रण आले, प्रत्येक विद्यार्थ्याचा चेहरा छापणे परवडू लागले, आणि या पुस्तकाचा कणा ठरला तो चेहरा व नाव. लेखन त्यात नावापुरते असते.

दुसरे घराणे आपले. मराठी शाळेचा वार्षिक अंक जन्मला नियतकालिकाच्या पोटी. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाच्या मनात अंकाची एक आकृती पक्की बसली : चित्राचे मुखपृष्ठ, संपादकीय, मग कथा, कविता, लेख, शेवटी जाहिराती. शाळांनी हीच आकृती उचलली आणि मध्ये मुख्याध्यापकांचे मनोगत व वर्षाचा अहवाल घातला. दिवाळी अंकाचा संपादक लेखन निवडतो. निवड हेच त्याचे काम. शाळेच्या अंकाचा संपादकही निवडू लागला. त्यामुळे दर वर्षी जी दहा-बारा मुले वक्तृत्वात, निबंधात आणि गॅदरिंगच्या सूत्रसंचालनात पुढे असतात, तीच अंकातही येतात.

निवडीला एक भौतिक कारणही होते, आणि ते समजल्याखेरीज आपल्या जुन्या अंकांवर टीका करणे अन्यायाचे होईल. खिळे जुळवून छापण्याच्या काळात मजकूर स्वस्त आणि चित्र महाग होते. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधे. पण फोटोसाठी जस्ताचा हाफटोन ब्लॉक बनवावा लागे. त्याची आकारणी चौरस इंचावर होई, आणि तो साध्या कागदावर नीट उठत नसे. म्हणून फोटो वेगळ्या आर्ट पेपरवर छापून अंकाच्या मध्ये घालत. अशी पाने दोन किंवा चार. त्यांत संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, शिक्षकवृंद, ढाल जिंकलेला कबड्डीचा संघ आणि पहिला आलेला विद्यार्थी बसला की जागा संपली. मागच्या बाकावरच्या मुलीचा चेहरा छापायला शाळेची मनाई नव्हती. ब्लॉकचा खर्च आड येत होता.

आता ब्लॉक गेला, जुळारी गेला, ट्रेडल मशीन गेले. ऑफसेटवर किंवा डिजिटल छपाईत एका पानावर एक फोटो असो की पंचवीस, पानाचा खर्च तोच. कारण संपले, सवय मात्र उरली. आजही बहुतेक अंकांतली रंगीत पाने पाहुण्यांच्या स्वागताला आणि दीपप्रज्वलनाला जातात.

हस्तलिखिताची वेगळी वाट

छापणे परवडत नव्हते तिथे हस्तलिखित होते, आणि विदर्भातल्या गावोगावच्या शाळांत ही परंपरा आजही तग धरून आहे. कार्ट्रिज कागदाची पाने, पेन्सिलीने आखलेले समास, कटनिबचे सुलेखन, पोस्टर कलरची वेलबुट्टी, कापडी पुठ्ठ्याची बांधणी. आणि प्रत एकच. गॅदरिंगच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन होते, मग ते ग्रंथालयाच्या कपाटात जाते.

या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण साने गुरुजींचे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत; १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. हाताने लिहिलेले, रोजचे, आणि वाचक मोजके : ज्यांच्यासाठी लिहायचे ते सगळे एकाच छपराखाली राहणारे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती शब्दशः टिपून घेतली साने गुरुजींनी. वर्ध्याच्या आश्रमातला माणूस बोलत होता आणि अमळनेरचा मास्तर लिहीत होता, म्हणून मराठीला 'गीता प्रवचने' मिळाली. नोंद ठेवण्याची सवय शाळेत लागली तर ती कुठवर पोचते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

वर्धा जिल्ह्याला या विषयात आणखी एक वारसा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमची आखणी झाली. हातांनी एखादी वस्तू करता करता त्या वस्तूभोवती गणित, भाषा, विज्ञान शिकायचे, हे तिचे सूत्र. सूत्र टकळीला जितके लागू, तितकेच अंकाला. पान किती इंचाचे, त्यात किती चौकटी बसतील, किती प्रती काढल्या तर प्रत कितीला पडेल, नाव शुद्ध कसे लिहायचे, मुलाखत कशी घ्यायची : आठवी-नववीच्या निम्म्या अभ्यासक्रमाला इथे काम मिळते. पण आज मजकुराची पिशवी आर्वीच्या किंवा पुलगावच्या डीटीपीवाल्याकडे जाते आणि थेट छापील गठ्ठा परत येतो. अंक मुलांच्या नावाने निघतो, त्यांच्या हातून निघत नाही. मला हे मोठे नुकसान वाटते.

अंकाची अंगे

पूर्ण अंकाची अंगे चार : नामावली, वर्षाची नोंद, मुलांचे लेखन आणि हिशेब. यांतली नामावली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

नामावली म्हणजे प्रत्येक इयत्तेतल्या प्रत्येक मुलाचे नाव, आणि किमान दहावीच्या प्रत्येक मुलाचा फोटो. क्राऊन पाव आकाराचे पान साडेसात इंच रुंद आणि दहा इंच उंच असते. त्यात आडव्या पाच व उभ्या पाच चौकटी सहज बसतात, म्हणजे एका पानावर पंचवीस चेहरे. साठ मुलांचा वर्ग धरला तर तीन पाने पुरतात. एक इंच रुंदीचा फोटो स्वच्छ छापायला तीनशे पिक्सेल रुंदी लागते. साध्या मोबाईलचा कॅमेरा याच्या कितीतरी पट देतो. अडचण येते ती फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना. साधा पाठवला तर तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ राहतो. ग्रुप फोटो पानभर छापायचा असेल तेव्हा हा फरक डोळ्यांना बोचतो.

ग्रुप फोटोचे शास्त्र गावातल्या फोटोग्राफरला ठाऊक असते. सकाळचे कोवळे ऊन किंवा इमारतीची सलग सावली हवी. कडुनिंबाखाली उभे केले तर चेहऱ्यांवर कवडसे पडतात. खुर्च्यांवर गुरुजन, पुढे सतरंजीवर बसलेले, मागे उभे, त्यामागे बाकावर उभे, आणि मध्ये इयत्ता व वर्ष लिहिलेली पाटी. राहते ती एकच गोष्ट : नावे. फोटो काढल्यावर जागा मोडण्याआधी दोन मुलींनी वही घेऊन रांगेनुसार डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्यावीत. दहा मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे भरतात तेव्हा तो फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर फिरतो आणि 'मागच्या रांगेतला तिसरा कोण?' हा प्रश्न रात्री उशिरापर्यंत चालतो. शिक्षकांची नावे सगळ्यांना आठवतात. शाळा सोडून रोजमजुरीला गेलेल्या मित्राचे आठवत नाही.

फोटोच्या दिवशी एसटी आली नाही तर एका खेड्यातली सगळी मुले एकदम सुटतात. म्हणून फोटोचे दिवस दोन ठेवावेत आणि दुसरा दिवस पहिल्याच दिवशी जाहीर करावा. दोन्ही दिवशी न आलेल्या मुलाच्या नावाची चौकट रिकामी छापावी, पण छापावी. वर्षाच्या मध्ये ज्यांचे नाव पटावरून कमी झाले, जे आई-बापांबरोबर कामासाठी दुसरीकडे गेले, आजारपणात ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी नामावलीच्या शेवटी 'या वर्षी आमच्यासोबत होते' असा मथळा असावा. जे मूल त्या वर्षात वारले त्याचे नाव त्याच्या वर्गातच, त्याच्या क्रमांकावर यावे. वेगळ्या काळ्या चौकटीत नको. त्याचे वर्गमित्र त्याला वर्गातच शोधतील.

नाव कसे लिहायचे हा बारीक पण जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. शाळेचे रजिस्टर मुलाला आडनाव, नाव, वडिलांचे नाव या क्रमाने ओळखते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. ती मुले दहावीला यायला अजून बराच अवकाश आहे. अंकाला मात्र थांबायची गरज नाही. प्रत्येक मुलाने आपले नाव कसे छापावे ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे आणि तेच छापावे. जात, जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर आणि गुण यांना नामावलीत जागा नाही. रजिस्टरला त्यांची गरज असते, मित्रांना नसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. तेव्हा जूनमध्येच पालकसभेत एका कागदावर सह्या घ्याव्यात, आणि ज्यांना फोटो नको त्यांचे फक्त नाव घ्यावे.

शाळेने पूर्ण नोंद केली नाही तेव्हा मुलांनी ती आपापल्या परीने केलीच. दहावीच्या निरोपाआधी वर्गात फिरणाऱ्या स्लॅमबुकांकडे शिक्षक बहुधा कपाळाला आठ्या घालून पाहतात. मला त्यांत शाळेच्या अंकातली उणीव भरून काढण्याची धडपड दिसते. टोपणनाव, आवडते गाणे, पुढे काय व्हायचे आहे. सगळ्यांना एकच प्रश्न, सगळ्यांना एकेक पान. अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही तिथे पान मिळते. अंकाच्या संपादकाने दोन-चार स्लॅमबुके आधी चाळावीत.

वर्षाची नोंद आणि मुलांचे लेखन

वर्षाचा अहवाल बहुधा कार्यक्रमांची जंत्री असतो : अमुक तारखेला अमुक जयंती, अमुक पाहुणे. त्याऐवजी नववीच्या मुलांनी महिन्यागणिक नोंदवही ठेवावी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिली नोंद तिथून. पाऊस कधी आला, पेरणी मोडून दुबार झाली का, पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला धाकट्या भावंडांनी लाकडी नंदी कसे सजवले, वेचणीच्या दिवसांत वर्गात किती जण गैरहजर होते, कापसाला काय भाव मिळाला, बोअर कधी आटली, नवे शिक्षक कोण आले. पन्नास वर्षांनी रोहण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला जयंत्यांच्या यादीपेक्षा वेचणीतल्या गैरहजेरीचा आकडा अधिक सांगेल.

लेखनाबाबत सर्वांत मोठा रोग उताऱ्याचा. 'मोबाईल शाप की वरदान', 'पाणी हेच जीवन' असे विषय दिले की निबंधाच्या गाईडमधले आणि आता यंत्राने लिहून दिलेले परिच्छेद येतात. उपाय शिक्षेत नाही, विषयात आहे. ज्याचे उत्तर पुस्तकात मिळणारच नाही असा प्रश्न द्यावा : तुझ्या आजीने शाळा का सोडली? गावातली सर्वांत जुनी विहीर कोणी बांधली? तुमच्या वावरात या वर्षी किती खर्च झाला आणि किती हाती आले? ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. नावे दोघांचीही छापावीत. संपादन करताना शुद्धलेखन सुधारावे, बोली धुऊन काढू नये. मुलाने पऱ्हाटी, धुरा, वावर लिहिले असेल तर तेच राहू द्यावे. त्याची आजी ज्या भाषेत बोलली ती भाषा त्या मुलाखतीचा पुरावा आहे.

छपाई आणि हिशेब

डबल क्राऊन, म्हणजे वीस बाय तीस इंचाच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून क्राऊन पाव आकाराची सोळा पाने बसतात. हा एक फर्मा. अठ्ठेचाळीस पानांचा अंक म्हणजे तीन फर्मे. ऑफसेटमध्ये एकरंगी फर्म्याला दोन प्लेट लागतात, चाररंगीला आठ. सगळा अंक रंगीत केला तर चोवीस प्लेट. एकच फर्मा रंगीत ठेवला तर बारा. हे गणित नववीच्या मुलांनीच फळ्यावर मांडावे, म्हणजे रंग कशावर खर्च करायचा हा निर्णयही त्यांचा होतो. माझ्या मते रंगीत फर्मा नामावलीला द्यावा आणि दीपप्रज्वलन काळ्या-पांढऱ्यात जाऊ द्यावे. प्रती थोड्या असतील तर ऑफसेट सोडून डिजिटल छपाई घ्यावी. तिथे प्लेटचा खर्च नसतो. मध्ये पिना मारून शिवायचा अंक असेल तर पाने चाराच्या पटीत हवीत, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पैसा येतो तो कृषी केंद्र, किराणा, पतसंस्था यांच्या शुभेच्छा जाहिरातींतून आणि मुलांच्या वर्गणीतून. जाहिराती घेण्यात काही वावगे नाही. पन्नास वर्षांनी त्याही गावाच्या बाजारपेठेची नोंद ठरतात. पण जमाखर्च शेवटच्या पानावर छापला पाहिजे, आणि ज्याच्या घरून वर्गणी आली नाही त्यालाही अंक मिळाला पाहिजे.

मुद्रितशोधनात सगळ्यांत जास्त वेळ नावांना द्यावा. एकाने हजेरीपटावरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावे, मग प्रत्येक मुलाने आपल्या नावापुढे सही करावी. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरे मोडतात, आणि वऱ्हाडातला 'ऱ्ह' सर्वांत आधी मोडतो. कविता चुकीची छापली तर कवी रुसतो. नाव चुकीचे छापले गेलेले मूल काही बोलत नाही, आणि तो अंक त्याच्या घरी कायमचा चुकलेला राहतो.

जतन

अंक निघाला की काम संपले असे शाळा मानते. खरे तर एक काम उरते आणि ते कोणाच्याही वाट्याला दिलेले नसते. हस्तलिखिताची एकुलती प्रत कपाटात गेली की तिला कसर आणि वाळवी गाठते. काही जेल पेनांची शाई पावसाळ्यात एका थेंबाने पसरते; पाण्यात न विरघळणारी काळी शाई टिकते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदावर डाग धरतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नये, कारण ते नंतर काढता येत नाही. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून विटेइतके वर असावे. हस्तलिखिताचे पानोपान फोटो काढून ठेवावेत, छापील अंकाची पीडीएफ आणि युनिकोड मजकूर दोन ठिकाणी ठेवावा. छापील प्रतींपैकी एक ग्रामपंचायतीत, एक गावाच्या वाचनालयात, एक तालुक्याच्या ठिकाणी द्यावी.

मागच्या वर्षांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तरही शाळेच्याच कपाटात आहे. दाखल-खारीज रजिस्टरात प्रत्येक तुकडीची नावे आहेत. जुने ग्रुप फोटो गावातल्या घरांत, माजी विद्यार्थ्यांच्या पेट्यांत आहेत. एका उन्हाळ्यात एकेक तुकडी घेऊन ही दोन्ही समोरासमोर ठेवली, फोटोची मोठी प्रत काढून त्या तुकडीतल्या दोघा-तिघांना एकत्र बसवले, तर बहुतेक चेहऱ्यांना नावे मिळतात. मूळ फोटोवर काही लिहू नये. नावे वेगळ्या कागदावर, रांग आणि क्रमांक घालून लिहावीत, आणि ज्याने ओळखले त्याचेही नाव खाली घ्यावे. सुरुवात सर्वांत जुन्या तुकडीपासून करावी, कारण तिच्यातली ओळखणारी माणसे सर्वांत आधी कमी होतात.